डोंगराचा पांढरा

२८ जानेवारी
डोंगरावरून

ती. ताईस,

सा. न. वि. वि. साष्टांग फक्त कागदावर आहे, गुडघा त्याला कबूल नाही.

परवा संध्याकाळी पोचलो. तीच खोली, तीच खिडकी आणि खिडकीत तोच डोंगर. घरमालकीणबाईंनी पलंग आधीच भिंतीला सरकवून ठेवला होता, म्हणजे चित्राचा स्टँड मावतो. लोखंडी शेगडीही पेटवून ठेवली होती. खाली जेवणाचं टेबल पूर्वीएवढंच लांब आहे, पण जेवणारा मी एकटाच. बाई वाढून आत निघून जातात आणि मी रिकाम्या खुर्च्यांशी सभ्यपणे वागत जेवतो. फोन का करत नाहीस म्हणून विचारशील, तर इथे तो लागत नाही, आणि लागला तरी तू त्यात ओरडतेस. पत्रात तुझा आवाज बेताचा असतो.

आता मुद्द्याचं. ताई, डोंगराचा पांढरा गेला. तुला माझी रीत माहीत आहे. बर्फाला मी रंग लावत नाही. बर्फाच्या जागी कागद कोरा सोडायचा, बाकीचं सगळं रंगवायचं, उरेल तो बर्फ. जन्मभर हेच करत आलो. यंदा सकाळी बसलो आणि कागद कोरा सोडवेना. समोर दिसत होतं ते कोरं नव्हतंच. जुन्या वर्तमानपत्रासारखं पिवळट, सावल्यांत तपकिरी, आणि वर आकाश धुरकट. गेल्या वर्षीही तसं वाटलं होतं, पण तेव्हा ढगाळ होतं म्हणून सोडून दिलं. यंदा लख्ख ऊन आहे आणि तरी तसंच. जगभरच्या धुराची आणि धुळीची साय इथवर येऊन बसली, असं माझं मत झालंय. घरमालकीणबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या की यंदा बर्फ चांगला पडलाय, आणि बर्फ पांढराच असतो. रोज बघणाऱ्याला दिसत नाही हेच खरं.

मी घाबरलोय. आणि खोटं कशाला सांगू, हात असा चालतोय की विचारू नकोस. सगळ्या बर्फावरून पिवळ्याचा पातळ हात फिरवलाय. कागदाचा गठ्ठासुद्धा यंदा पिवळट आलाय, परतल्यावर दुकानदाराला झापणार आहे. चित्रं फ्रेम करायला तुझ्या दुकानात पार्सलने पाठवतोय. चित्राभोवती नेहमीसारखा पांढऱ्या पुठ्ठ्याचा माउंट आणि साधी काळी फ्रेम. एप्रिलच्या प्रदर्शनात हीच लावायची.

तुझ्या घरची वरची खोली रिकामी आहे, हे तू लिहिण्याआधीच मी वाचलं असं समज. उत्तरही दरवर्षीचंच: डोंगर पांढरा आहे तोवर मी इथे येणार, आणि तो संपला की तुझ्याकडे कायमचा येऊन तुझ्या डोक्याला ताप देणार. यंदाची लक्षणं पाहता तुझ्या मनासारखं लवकरच होईलसं दिसतं.

लोभ आहेच, तो थंडीने आखडू देऊ नकोस.

तुझा,
ढगोबा


९ फेब्रुवारी
दुकानातून

चि. ढगोबास,

अनेक आशीर्वाद. सत्तरीला टेकलेल्या माणसाला चिरंजीव लिहिताना माझं मलाच हसू येतं. शाळेत फळ्याऐवजी खिडकीबाहेरचे ढग बघायचास म्हणून बाबांनी ठेवलेलं नाव, अजून सही त्याचीच करतोस, त्यामुळे मीही सुधारत नाही.

पार्सल धडधाकट पोचलं. दोरी बाबांसारखी आवळतोस, तेवढं एक बरं शिकलास. चित्रं फ्रेम करून झाली. पांढरा माउंट संपला होता म्हणून दुधी लावलाय. छान दिसतात. प्रदर्शनवाल्याचा माणूस येऊन बघून गेला, त्यालाही आवडली.

दुकान चाललंय म्हणायचं. लोकांचे फोटो आता फोनमध्येच जन्मतात आणि तिथेच मरतात, भिंतीवर येतात ते पदवीचे कागद आणि गेलेली माणसं. शेजारच्या घड्याळवाल्यांनी दुकान बंद केलं आणि ते मुलाकडे राहायला गेले. जाताना म्हणाले की आता वेळ बघायला दुसरं कोणीतरी शोधा. त्यांचं शटर वर गेलं की मी चहा ठेवायचे, आता कधीही ठेवते आणि कधीतरी विसरते. मुलीचा रविवारी फोन येतो. तिला मी सगळं ठीक आहे म्हणून सांगते, ती मला सगळं ठीक आहे म्हणून सांगते, की झाला रविवार.

तिथे जिना नीट दिसतो ना? कठड्याला धरून उतरत जा. संध्याकाळी रस्त्यावर फिरायला जाऊ नकोस. गेल्या खेपेला दिव्यांभोवती कडी दिसतात म्हणत होतास, ती अजून दिसतात का? सहज विचारते.

वरच्या खोलीचं मी काही लिहीत नाही. छताची गळती काढून घेतली, एवढंच.

माया कमी करू नकोस आणि जेवण टाळू नकोस.

तुझी,
ताई


२० फेब्रुवारी
डोंगरावरून

ती. ताईस,

नमस्कार. तुझ्याकडे पांढरा माउंट संपला? बाबांच्या वेळेपासून त्या दुकानात एक वेळ मीठ संपलं असेल, पांढरा माउंट कधी संपलेला नाही. ताई, तुला थापा मारता येत नाहीत. त्याला सराव लागतो आणि तू कधी केला नाहीस.

दुधी माउंट काढून टाक. या चित्रांचा सगळा जीव त्या पांढऱ्यात आहे. चारी बाजूंनी खरा पांढरा असला तरच लोकांना कळेल की मधल्या डोंगराचं काय झालंय. दुधीने सगळं गोड गोड होतं. मी धोक्याची घंटा वाजवतोय आणि तू तिला कापूस गुंडाळतेस.

प्रदर्शनवाल्याचं पत्र आलं. त्याला चित्रं फार आवडली आहेत. प्रदर्शनाला नाव देणार आहे 'पिवळा हिवाळा'. वर्तमानपत्रवाले येणार, हवामानावर काम करणारी मंडळी येणार. जन्मभर मी ढग आणि धुकं रंगवलं आणि लोक मला विचारत आले की चित्रात माणसं का नाहीत. आता पहिल्यांदा मी काढलेली हवा कोणाला तरी बघायची आहे. याचा मला किती आनंद झाला हे लिहायलाही लाज वाटते. खोलीत दुसरं कोणी नव्हतं, म्हणून शेगडीलाच सांगून टाकलं.

दिव्यांभोवती कडी आहेत, अर्थातच आहेत. हवाच तशी झालीय.

उद्या इथून निघून समुद्रावर जातो. तिथलं धुकं बघायचं आहे. पत्ता मागे लिहिलाय. माउंट बदल.

रागावलोय, तरी लोभ अढळ आहे.

तुझा,
ढगोबा


३ मार्च
दुकानातून

चि. ढगोबास,

आशीर्वाद. आज नुसते आशीर्वाद, थट्टा नंतर कधीतरी.

पांढरा माउंट संपला नव्हता. कपाटात थप्पी आहे. मी आधी पांढराच लावला होता. पहिलं चित्र बसवून भिंतीला टेकवलं आणि दोन पावलं मागे सरून बघितलं. त्या पांढऱ्यामध्ये तुझा डोंगर चहात बुडवून काढल्यासारखा दिसत होता. ट्यूबलाइटचा दोष असेल म्हणून चित्र रस्त्यावर नेलं, उन्हात धरून पाहिलं. मग आतून तुझं एक जुनं चित्र काढलं, त्याच खिडकीतलं, आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवली. जुन्यात आकाश निळं आहे. नव्यात निळा कुठेच नाही रे, सावल्यांतसुद्धा नाही. शटर ओढून घेतलं आणि आत बसून राहिले. दुसऱ्या दिवशी दुधी माउंट कापला, कारण दुधीत पिवळा लपतो.

ढगोबा, मला वाटतं डोंगर पिवळा पडलेला नाही. तुझ्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे.

मी हे सांगू शकते कारण माझाही झाला होता. माझं ऑपरेशन झालं तेव्हा तू कुठेतरी वादळ रंगवत होतास. पट्टी काढून घरी आले, स्वयंपाकघरात उभी राहिले, तर फरश्या निळ्या! इतकी वर्षं मी त्या हिरवट समजून पुसत होते. आणि आपल्याला कमी दिसतंय असं मला एकदाही वाटलं नव्हतं. सगळं हळूहळू होतं, त्यामुळे जग बदललं असंच वाटतं. गेल्या खेपेला तू धुतलेल्या चादरी पिवळ्या आहेत म्हणून माझ्याशी भांडलास. कपाच्या बाहेर चहा ओतलास. आता कागदही पिवळा. अरे, चादर, कागद आणि डोंगर सगळं एकदम कसं पिवळं पडेल? कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. काखेत कळसा आणि गावाला वळसा घालत तू समुद्रापर्यंत जाऊन पोचलास.

हवा बिघडली नाही असं मी म्हणत नाही. उन्हाळ्यात आता दुकानात बसवत नाही, आणि मागच्या पावसात रस्त्यावरचं पाणी पहिल्यांदाच उंबऱ्याच्या आत आलं. तू म्हणतोस ते खरं असेल. पण हा पिवळा त्याचा पुरावा नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता काय करायचं ते तू ठरव. प्रदर्शनवाल्याला पिवळाच हवा आहे. हवं तर दुधी माउंट राहू दे, मी मूग गिळून बसेन, कोणाला कळणार नाही. किंवा इकडे ये, मी डॉक्टरांची वेळ घेते. तू इथे यावंस असं मला वाटतं हे जगजाहीर आहे, त्यामुळे माझ्या सल्ल्यावर विश्वास ठेवू नकोस. स्वतःच बघ. आधी एक डोळा झाकून बघ आणि मग दुसरा.

चिडलास तरी चालेल, पण उत्तर दे.

तुझी,
ताई


१५ मार्च
समुद्रकाठावरून

ती. ताईस,

सा. न. वि. वि. उत्तराला उशीर झाला, कारण तुझ्याशी मनातल्या मनात भांडत होतो आणि त्यात जिंकत होतो.

इथली खोली मासळीबाजाराच्या वर आहे. सकाळभर खाली बर्फाचे तुकडे फोडण्याचा आवाज, दुपारपासून कोणी नाही. धुकं येतं ते थेट खिडकीला नाक लावतं. ते मला पिवळंच दिसलं, मेणबत्तीच्या मेणासारखं. मी दोन चित्रं काढली आणि तुला दाखवून देईन म्हणून बाजूला ठेवली. मग कालची सकाळ. पलीकडच्या काठावर जायला धक्क्यावर तिकिटासाठी उभा होतो. खिडकीतल्या बाईंना विचारलं की आजचं धुकं त्यांना कोणत्या रंगाचं दिसतंय. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, धुक्याकडे नाही, आणि मग फार मऊ आवाजात विचारलं की माझ्याबरोबर घरचं कोणी आलंय का. मी हो म्हणालो. का म्हणालो कोण जाणे.

खोलीवर येऊन तू सांगितलंस तसं केलं. उजवा झाकला, पडदा राखाडी. डावा झाकला, पडदा तपकिरी. पडद्याने काही अंगावरचे कपडे बदलले नव्हते. पुन्हा पुन्हा केलं, तरी तेच.

ताई, मागच्या आठवड्यात मी इथल्या शाळेत जाऊन पोरांना सांगितलं की डोंगर पिवळा पडतोय. पोरांनी वह्यांत लिहून घेतलं. प्रदर्शनवाल्याने निमंत्रणं छापली आहेत. आता मी त्याला काय सांगू? आयुष्यात एकदा लोक माझं ऐकायला बसले, आणि मी त्यांना माझ्या डोळ्यातला कचरा दाखवत होतो. तोंडात मारल्यासारखं झालंय.

पण कालपासून दुसरंही एक मनात येतंय आणि ते जात नाही. दोष डोळ्याचा असेल, तर डोंगर शाबूत आहे. मी इथे त्याच्या नावाने गळा काढतोय आणि तो तिथे खुशाल पांढरा बसलाय. हे सुचलं तेव्हा मी एकटाच मोठ्याने हसलो, खालच्या मासळीवाल्याने वर बघितलं. डोळे गेले तरी चालतील, इतकं बरं वाटलं मला.

दुधी माउंट काढ, पांढराही लावू नकोस. चित्रं प्रदर्शनाला देऊ नकोस. त्या माणसाला मी कळवतो. डॉक्टरांची वेळ घेऊन ठेव. राहायला येतोय, कायमचा नाही. कारण अट तू जाणतेस, आणि डोंगर तर पांढराच आहे असं तूच म्हणतेस.

माझ्यावर हसून घे, मग लोभ आहे तसा ठेव.

तुझा,
ढगोबा


१९ जानेवारी
दुकानातून

चि. ढगोबास,

अनेक आशीर्वाद. तू काल गेलास आणि आज मी पत्र लिहायला बसलेय. गाडी अजून वाटेतच असेल. माझं पत्र तुझ्याआधी पोचलं तर घरमालकीणबाईंना वाटेल की या बाईला दुसरा उद्योग नाही, आणि त्यांचं बरोबरच असेल.

इतके महिने तू घरात होतास याची मी सवय करून घ्यायला नको होती. सकाळी दोन कप काढले. एक परत ठेवताना उगाचच वाजला. वरच्या खोलीत तुझा रंगांनी माखलेला ब्रशचा डबा राहिलाय आणि खिडकीशी खुर्ची तिरकी आहे, तिला मी अजून हात लावला नाही. ऑपरेशननंतरची ती सकाळ आठवते. पट्टी निघाल्यावर तू आधी स्वतःच्या शर्टाकडे बघितलंस आणि हा एवढा निळा कधी घेतला म्हणून विचारलंस. मग माझ्याकडे बघून म्हणालास की ताई, तू एवढी म्हातारी कधी झालीस! डॉक्टरीणबाई हसून हसून खुर्चीत बसल्या. मीही हसले. घरी येऊन आरशात बघितलं.

कोपऱ्यावरचा औषधवाला अजून तेच तेच बोलतो. प्रदर्शन रद्द झाल्यावर वर्तमानपत्रात जो टोमणा आला होता, की एका चित्रकाराने मोतीबिंदूला हवामान समजलं, तो त्याला पाठ झालाय. आज म्हणाला की चला, जगाचं ऑपरेशन झालं, आता सगळं स्वच्छ. तू असतास तर हसून सोडून दिलं असतंस. मला मात्र त्यालाच उन्हात वाळत घालावंसं वाटलं. प्रदर्शनवाला डोळ्यांबद्दल गप्प राहा म्हणत होता आणि तू आपणहून सगळं सांगून टाकलंस, हे औषधवाल्याला कोण सांगणार?

मी तुला थांब म्हणाले नाही. एकदाच म्हणाले, आणि एकदा म्हणणं म्हणजे न म्हणणंच. तू बॅग भरताना पोरासारखा शीळ घालत होतास. डोंगराची बदनामी केली, त्याची माफी मागून येतो म्हणालास. नव्या डोळ्यांनी त्याचा पांढरा बघायचा आहे हे मला कळतं. मलाही फरश्या बघाव्याशा वाटल्या होत्या. फक्त माझ्या फरश्या घरातच होत्या.

थेंब वेळच्या वेळी घाल. मी पांढरे माउंट कापून ठेवायला घेतलेत, नेहमीच्या मापाचे.

तिकडचं बघून झालं की इकडचीही आठवण असू दे.

तुझी,
ताई


३० जानेवारी
डोंगरावरून

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

वाटेत नव्या डोळ्यांनी सगळं बघत चार ठिकाणी उतरलो, म्हणून तुझं पत्र माझ्याआधी पोचलं होतं. बाईंनी ते टेबलावर माझ्या ताटाशी ठेवलं होतं, जणू जेवायला तूच आली होतीस.

मी पोचलो तेव्हा अंधार पडला होता आणि पाऊस लागला होता. जानेवारीत इथे पाऊस, हे मी कधी ऐकलं नव्हतं. म्हटलं, सकाळी बघू. रात्रभर लहान पोरासारखा कुशी बदलत होतो. सकाळी उठून तोंडही न धुता खिडकीशी गेलो.

डोंगर तपकिरी आहे, ताई.

मी आधी उजवा डोळा झाकला. मग डावा. मग थेंब घातले, रुमालाने काच पुसली, खिडकी उघडली. वाऱ्यात डोकं बाहेर काढून उभा राहिलो. आजवर कधी न दिसलेलं सगळं दिसत होतं. कुंपणाचे खांब दिसले, पाऊलवाट दिसली, वेगवेगळे दगड दिसले, ओल्या दगडांवर चकाकणारं पाणीसुद्धा दिसलं. बर्फ नव्हता. बर्फावर घसरायला येणाऱ्यांना उतारावरून वर नेणारे तारेवरचे पाळणे थांबून लोंबकळत होते. घरमालकीणबाई लाकडं घेऊन वर आल्या. मी खिडकीबाहेर बोट दाखवलं. त्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की तुमचे डोळे ठीक आहेत, मलाही तसंच दिसतंय. लग्न होऊन आल्यापासून असा डोंगर त्यांनी बघितला नाही. मागच्या वर्षी त्या पांढराच आहे म्हणत होत्या आणि मी त्यांना मनात आंधळं ठरवलं होतं.

मग सवयीने कागद लावून बसलो. कुठे कोरा सोडायचा ते ठरवायला लागतं आधी. शोधत बसलो. शिखराखालच्या एका घळीत नखाएवढा पांढरा आहे. खरा पांढरा, निळसर सावलीचा. डोळ्यांनी आता तो चांगला दाखवला. बाकी सगळा कागद रंगवायचा होता आणि मला ब्रश भिजवता येईना.

मोतीबिंदू होता तेच बरं होतं ग. डोळ्याला डॉक्टर होता, तारीख होती, पट्टी काढताना तू समोर होतीस. इथे कोणाकडे जाऊ? आणि सांगू तरी कोणाला? मागच्या वर्षी डोंगर धडधाकट असताना मी बोंब मारली. आता लांडगा खरंच आलाय, तर औषधवाला हसणार आणि वर्तमानपत्र विचारणार की आता काचबिंदू का. सगळ्या जगात मी एकच माणूस असा आहे ज्याचं याबाबतीत कोणी ऐकणार नाही. दिवसभर त्या लांब टेबलाशी बसून राहतो. चित्र काढत नाही. माझं वय झालं, हे इथे पहिल्यांदा वाटलं.

म्हणून कळवतो, मी येतोय. तुझी अट, खरं तर माझीच, पुरी झाली. वरची खोली तयार ठेव. आता कायमचा येतो आणि फ्रेमांना खिळे मारायला तुला मदत करतो.

लोभ तेवढा शिल्लक ठेव, मला आता त्याच्याशिवाय काही नाही.

तुझा,
ढगोबा


८ फेब्रुवारी
दुकानातून

चि. ढगोबास,

अनेक, अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि आधी वर जाऊन खोली झाडली. गादी उन्हात टाकली, चादर बदलली, तुझी तिरकी खुर्ची सरळ केली. जिना उतरताना मी गाणं गुणगुणत होते. अर्ध्या जिन्यात माझं मलाच ऐकू आलं आणि मी तिथेच बसले. तिकडे तुझा डोंगर गेलाय आणि मी इकडे गाणं म्हणतेय. इतकी वर्षं तू अट घालत होतास आणि मी हसत होते, पण आतून मी त्या दिवसाची वाट बघत होते का रे? बर्फ संपावा असं मी कधी म्हटलं नाही. तू यावंस एवढंच म्हटलं. आज कळलं की दोन्ही एकच होतं. फार वाईट वाटलं मला.

तू येऊ नकोस.

हे लिहायला मला सकाळची दुपार झाली, तेव्हा नीट वाच. तू बर्फ संपला की येणार होतास. तो संपलेला नाही. नखाएवढा आहे असं तूच लिहिलंस. नखाएवढा तर नखाएवढा, आहे तोवर तू तिथेच बसायचं. ही अट तू घातलीस आणि मी जन्मभर पाळली, आता मोडायला मी परवानगी देत नाही. थोरली मी आहे.

तुझं कोणी ऐकणार नाही म्हणतोस. नाही ऐकणार. दुरून डोंगर साजरे, आणि सगळे दुरूनच बघणारे. म्हणून तर दरवर्षी त्याच खिडकीत जाऊन बसणारा एखादा हवा. तुझे डोळे आता खोटं बोलत नाहीत, आणि ते खोटं बोलत होते तेव्हा तू ते आपल्या तोंडाने सांगून टाकलंस, तोट्यात जाऊन. मला तेवढं पुरे आहे. तो एवढासा कोरा सोड आणि बाकी सगळं दिसतं तसं रंगव. रडू आलं तर रडत रंगव, जलरंग आहेत, चालेल. मग दोरी आवळून मला पाठव. मी पांढरा माउंट लावीन आणि दुकानाच्या दर्शनी काचेत ठेवीन. औषधवाल्याला रोज त्याच्यासमोरूनच जावं लागतं.

माझं म्हणशील, तर मला करमत नाही. हे मी आजवर थट्टेत लिहीत आले, आज सरळ लिहिते. संध्याकाळी शटर ओढलं की घर फार मोठं होतं. तू आलास तर ते मला हवं आहे, फार हवं आहे, आणि तरी नको म्हणतेय, यावरून काय ते ओळख. थेंब विसरू नकोस. टेबलाशी बाईंनाही बसवून घेत जा, त्याही एकट्याच आहेत.

गादी पुन्हा गुंडाळून ठेवली. लोभ आहेच, तू तिथे आहेस म्हणून तो कमी होत नाही.

तुझी,
ताई